नाव आमातींचे, नाद स्वतःचा

श्रोतेहो, पाश्चात्त्य पद्धतीचा मोठा वाद्यवृंद तुम्ही रेडिओवर कधी ना कधी ऐकला असेल. ऐंशी-शंभर माणसे एकत्र बसून वाजवीत असतात. त्यांत व्हायोलिनची सुरावट कानाला चटकन लागते, बासरी ओळखू येते, पितळी शिंगांचा गजर तर लपत नाहीच. पण या सगळ्यांच्या खाली, जमिनीच्या पोटातून यावा तसा एक खोल, घुमणारा आवाज चाललेला असतो. तो थांबला म्हणजेच कळतं की इतका वेळ तो होता. तो आवाज डबल बेसचा. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हे वाद्य होतं. गोव्याहून आलेल्या वादकांनी गजबजलेल्या त्या वाद्यवृंदांत मागच्या बाजूला एखादा डबल बेस उभा असेच.

आज अशाच एका डबल बेसची आणि तो वाजवणाऱ्या एका माणसाची हकिकत सांगायची आहे. माणूस रशियातला, नाव सर्गेई कुसेवित्स्की. वाद्य मात्र कुठलं, कुणी घडवलेलं, हाच या हकिकतीतला पेच आहे.

आधी वाद्याची थोडी ओळख करून घेऊ. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या गणगोतातला थोरला. उंची सुमारे सहा फूट, म्हणजे वाजवणारा त्याला मिठी मारूनच उभा राहतो, नाहीतर उंच स्टुलाला टेकून बसतो. वर चार खुंट्या, चार जाड तारा. जुन्या काळी त्या तारा जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातीच्या असत. त्या तारांवर राळ लावलेला गज फिरवायचा किंवा बोटांनी त्या छेडायच्या. सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा तो स्वर. वाद्याची पाठ आणि बाजू बहुधा मेपल लाकडाच्या, आणि पुढची फळी, जिला आपण सतारीच्या बाबतीत तबली म्हणतो, ती स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची. ही स्प्रूसची फळी ध्यानात ठेवा. पुढे हीच फळी साक्षीदार म्हणून बोलणार आहे.

डबल बेसवाल्याचं काम पायाच्या दगडाचं. घर उभं राहतं ते पायावर, पण घर बघायला आलेला पाहुणा नक्षीदार दरवाजा बघतो, पाया कोण बघतो? वाद्यवृंदातली ही माणसं कडेला किंवा मागच्या रांगेत उभी असतात. एकट्याने वाजवून टाळ्या घेण्याचे प्रसंग त्यांच्या वाट्याला क्वचितच येतात. म्हणून फारशी मुलं हे वाद्य आपणहून निवडीत नाहीत. कुसेवित्स्की यांनीही ते निवडलं नव्हतं. ते त्यांच्या वाट्याला आलं.

सर्गेई यांचा जन्म १८७४ सालचा. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या दरम्यान व्हिश्नी व्होलोच्योक म्हणून एक लहानसं गाव आहे, तिथला. घर ज्यू, गरीब, पण गाण्याबजावण्याचं. वडील व्हायोलिन वाजवीत, आई पियानो. आई मुलाच्या लहानपणीच वारली. मुलगा घरीच दोन-चार वाद्यं शिकला आणि चौदाव्या वर्षी शिक्षणासाठी मॉस्कोला आला. त्या काळच्या रशियात ज्यूंना मॉस्कोत राहण्याची मोकळीक नव्हती. तिथे राहून शिकायचं तर बाप्तिस्मा घ्यावा लागे, आणि तो त्याने घेतला. मग फीचा प्रश्न आला. मॉस्को फिलहार्मनिक सोसायटीच्या संगीत विद्यालयात शिष्यवृत्ती शिल्लक होती ती मोजक्याच वाद्यांना. ज्या वाद्यांकडे विद्यार्थी आपणहून फिरकत नाहीत, अशी ती वाद्यं. त्यांत डबल बेस होता. मुलाने डबल बेस घेतला.

शिक्षक बंधूंनी इथे क्षणभर थांबावं. आपल्या शाळांतही असंच होतं की नाही? एखाद्याला हवा असतो एक विषय, आणि परिस्थिती त्याच्या हातात दुसराच देते. पुष्कळ मुलं तिथेच खचतात. हा मुलगा खचला नाही. योसेफ राम्बूसेक नावाचे नामांकित गुरू त्याला लाभले आणि त्याने ते अवजड धूड असं काही आपलंसं केलं, की १८९४ साली मॉस्कोच्या सुप्रसिद्ध बोल्शोय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात त्याला नोकरी मिळाली. १९०१ मध्ये गुरूंच्या जागी तोच डबल बेस विभागाचा प्रमुख झाला.

बोल्शोय म्हणजे त्या काळी झारच्या सरकारचं नाट्यगृह. रोज रात्री संगीतिका नाहीतर नृत्यनाट्य. वादकांनी रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसायचं, पडदा पडेपर्यंत वाजवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीला हजर व्हायचं. कुसेवित्स्की यांनी ही चाकरी सुमारे अकरा वर्षं केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. डबल बेसने फक्त साथच करावी असं थोडंच आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी स्वतंत्र वादनाचे जलसे सुरू केले. १९०३ साली बर्लिनला जाऊन तिथल्या जाणकार श्रोत्यांपुढे ते वाजवून आले. या वाद्यासाठी स्वतंत्र रचना फार थोड्या, म्हणून दुसऱ्या वाद्यांसाठी केलेल्या रचना त्यांनी याच्यावर बसवल्या. वाद्यवृंदाच्या साथीने एकाच वाद्याने वाजवायची जी मोठी रचना असते, तिला कॉन्चेर्टो म्हणतात. तसा एक डबल बेससाठी त्यांनी स्वतः रचला आणि १९०५ साली मॉस्कोत वाजवला. डबल बेस शिकणारे जगभरचे विद्यार्थी आजही तो शिकतात.

याच सुमारास ते वाद्य त्यांच्या हाती आलं. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी एक जुना डबल बेस विकत घेतला. त्याची ख्याती अशी, की तो इटलीतल्या क्रेमोना गावी १६११ साली आमाती बंधूंनी घडवलेला आहे. आता आमाती म्हणजे कोण? व्हायोलिन घडवणाऱ्यांतलं मूळ पुरुषाचं घराणं. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती यांनी क्रेमोनात ही कला रूढ केली. त्यांचे मुलगे अंतोनियो आणि जिरोलामो, म्हणजेच आमाती बंधू. जिरोलामोचा मुलगा निकोलो. पुढे जगात ज्यांचं नाव सर्वांत मोठं झालं ते स्त्रादिव्हारी त्याच गावचे. अशा घराण्याच्या हातचा डबल बेस म्हणजे काय मोलाची वस्तू! लोक त्याला ‘आमाती’ म्हणत, आणि त्या नावाचा दबदबा त्या वाद्याभोवती कायम राहिला.

१९०५ साली कुसेवित्स्की यांचं आयुष्य एकदम वळलं. चहाच्या व्यापारातून गबर झालेल्या घराण्यातली नताली उश्कोवा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी त्यांनी बोल्शोयची नोकरी सोडली. मुकाट्याने सोडली नाही बरं का. वाद्यवृंदातल्या वादकांना कसं राबवलं जातं, कशी वागणूक मिळते, याविषयी त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर पत्र लिहिलं. अकरा वर्षं मागच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. रशियात तेव्हा सगळीकडेच असंतोष धुमसत होता. १९०५ हे तिथल्या पहिल्या क्रांतीचं वर्ष. पोटाची चिंता मिटल्यावर माणसं बहुधा जुने हाल विसरतात. यांनी ते बोलून दाखवले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. जोडपं बर्लिनला राहायला गेलं. तिथे कुसेवित्स्की यांनी वाद्यवृंद संचालनाची विद्या कमावली आणि २३ जानेवारी १९०८ रोजी बर्लिन फिलहार्मनिक या नामांकित वाद्यवृंदाचं संचालन करून ते नव्या भूमिकेत लोकांपुढे आले. १९०९ मध्ये त्यांनी रशियन संगीतकारांच्या रचना छापणारी प्रकाशन संस्था काढली, स्वतःचा वाद्यवृंदही उभारला. १९१० साली तर त्यांनी मौजच केली. आगबोट भाड्याने घेतली, सगळा वाद्यवृंद तीवर चढवला आणि व्होल्गा नदीकाठच्या गावोगावी, थेट आस्त्राखानपर्यंत संगीताचे जलसे करीत गेले. जिथे असा वाद्यवृंद कधी कुणी पाहिला नव्हता अशीही गावं त्यांत होती. पुढे १९१२ आणि १९१४ मध्येही असे दौरे निघाले. खेड्यातल्या माणसाला मोठं संगीत कळणार नाही, असं त्यांनी मानलं नाही. रेडिओवरून खेड्यापाड्यांत गाणं ऐकणाऱ्या आपल्या श्रोत्यांना त्यांचं हे म्हणणं पटेल.

१९१७ ला रशियात राज्यक्रांती झाली. १९२० मध्ये त्यांनी देश सोडला. काही वर्षं पॅरिसमध्ये काढली आणि १९२४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन वाद्यवृंदाचे ते संचालक झाले. हे पद त्यांनी १९४९ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, सांभाळलं. संचालक म्हणून ते कडक होते. तालमीत रागावत, आणि वादक त्यांना भिऊन असत. वादकांच्या हालाबद्दल पत्र लिहिणारा माणूस स्वतः संचालक झाल्यावर असा कडक व्हावा, यातला विरोध नजरेआड करण्याचं कारण नाही. पण नव्या संगीतकारांना त्यांनी जो हात दिला, त्यालाही तोड नाही. हंगेरीचे थोर संगीतकार बेला बार्तोक अमेरिकेत आजाराने आणि ओढगस्तीने खंगले होते, तेव्हा १९४३ साली कुसेवित्स्की यांनी त्यांच्याकडे एका नव्या रचनेची मागणी नोंदवली. त्यातून ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ ही रचना झाली, आणि १९४४ च्या डिसेंबरात ती बॉस्टनला वाजली. १९४० साली टँगलवूड येथे त्यांनी तरुणांसाठी उन्हाळी संगीतशाळा सुरू केली. लिओनार्ड बर्नस्टाइन हे तिथले पहिल्या वर्षीचे त्यांचे शिष्य. पुढे १९५८ साली, कुसेवित्स्की यांच्या पश्चात, मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता याच टँगलवूडला गेले आणि तिथल्या संचालनाच्या स्पर्धेत दुसरे आले.

या धामधुमीत डबल बेस मागे पडला, पण सुटला नाही. बॉस्टनला असताना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्यांनी डबल बेसवर काही रचना वाजवून ध्वनिमुद्रिका केल्या. त्यांतला स्वर ऐकला की वाटतं, एखादा भारदस्त आवाजाचा गवई गातो आहे. १९५१ च्या जूनमध्ये ते बॉस्टनला निवर्तले. ‘आमाती’ त्यांची तिसरी पत्नी ओल्गा यांच्या घरी राहिला. वाद्य न वाजवता ठेवलं की ते मुकं होतं, हे आपल्या सतारीच्या, तंबोऱ्याच्या घरांनाही ठाऊक आहे. अकरा वर्षं अशी गेली.

१९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये एका एकवीस वर्षांच्याही आतल्या तरुणाचा जलसा झाला. तरुणाचं नाव गॅरी कार. वाद्य डबल बेस, आणि तेही साथीला नव्हे, स्वतंत्र. ऐकणाऱ्यांत ओल्गाबाई होत्या. त्यांनी त्या तरुणाला बोलावून घेतलं आणि नवऱ्याचं ते वाद्य त्याच्या हवाली केलं. विकत नव्हे, तसंच, दान म्हणून. ज्याच्या हातात ते बोलेल त्याच्याकडे ते जावं, एवढाच हिशेब. कार यांनी ते जगभर वाजवलं. साथीपुरतं समजलं जाणारं हे वाद्य एकट्यानेही मैफल उभी करू शकतं, हे कुसेवित्स्की यांचं म्हणणं त्यांनी आयुष्यभर सिद्ध करून दाखवलं. १९६७ साली त्यांनी डबल बेस वादकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. २००१ मध्ये जाहीर जलशांतून निवृत्त झाल्यानंतर त्यांनी हे वाद्य त्या संघटनेलाच देऊन टाकलं, की पुढच्या वादकांच्या हाती ते वाजतं राहावं. मिळालं तसंच त्यांनी ते पुढे दिलं.

आता पेचाकडे येऊ. जाणकारांत कुजबुज होती, की हे काम आमातींच्या हातचं वाटत नाही. पण मतं म्हणजे मतं. एकाला वाटतं तसं दुसऱ्याला वाटेलच असं नाही. मग वनस्पतिशास्त्राच्या अंगाने काम करणारे अमेरिकन संशोधक पुढे आले. त्यांनी ठरवलं, माणसांना विचारायचं नाही, लाकडालाच विचारायचं.

हे कसं करतात ते तुमच्यातल्या शेतकऱ्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. झाड आडवं कापलं की बुंध्यात एकात एक कडी दिसतात. थंड मुलखातल्या झाडाला वर्षाला एक कडं येतं. वर्ष चांगलं गेलं तर कडं रुंद, वाईट गेलं तर अरुंद. म्हणजे आपल्याकडे सुकाळ-दुष्काळाची आठवण जशी जुनी माणसं सांगतात, तशी झाड ती आपल्या अंगावर लिहून ठेवतं. आणि एका डोंगरावरची सगळी झाडं एकाच हवेत वाढलेली, म्हणून त्यांची नोंदही सारखी. रुंद, अरुंद, अरुंद, रुंद, असा क्रम सगळ्यांत जुळतो. आल्प्स पर्वतातल्या उंचावरच्या स्प्रूस वृक्षांचे असे शेकडो वर्षांचे क्रम शास्त्रज्ञांनी आधीच लावून ठेवले आहेत. एखाद्या वाद्याच्या फळीवरची कडी मोजून तो क्रम या आलेखाशी जुळवला की कुठलं कडं कुठल्या सालचं, ते कळतं. फळीला ओरखडाही काढावा लागत नाही.

या डबल बेसच्या पुढच्या फळीवर ३१७ वर्षांच्या कड्यांची सलग नोंद मिळाली. वाद्याच्या लाकडावर इतकी लांब नोंद सापडणं ही फारच दुर्मिळ गोष्ट. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. पहिलं कडं निघालं १४४५ सालचं. तेव्हा आपल्याकडे दक्षिणेत बहामनी राज्य चाललं होतं. आणि शेवटचं कडं १७६१ सालचं, म्हणजे पानिपतच्या वर्षाचं.

श्रोतेहो, निकाल इथेच लागला. ज्या झाडात १७६१ सालचं कडं आहे, ते झाड १७६१ पर्यंत तरी रानात उभं होतं. मग त्याच्या लाकडाचं वाद्य १६११ साली कसं होईल? दीडशे वर्षांचा फरक. या डबल बेसला आमाती बंधूंचा हात लागणं शक्यच नव्हतं. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर, बहुधा फ्रान्समध्ये, कुणीतरी घडवला. कुणी, ते नाव हाती लागलेलं नाही.

मग काय, वाद्य खोटं ठरलं? इथे जरा विचार करायला हवा. खोटं ठरलं ते त्याला चिकटलेलं नाव. बाजारात त्याची किंमत त्या नावावर ठरत असेल, तर ती नक्कीच उतरली असेल. पण ज्या लाकडातून कुसेवित्स्की यांचा स्वर निघाला, जे ऐकून सभागृहं गहिवरली, ते लाकूड काही दुसऱ्या दिवशी बदललं नाही. आधी घुमत होतं तसंच ते नंतरही घुमत राहिलं. उलट आपल्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. असा नाद देणारं वाद्य घडवणारा तो अनामिक कारागीर कोण? इतकी वर्षं त्याच्या मेहनतीचं श्रेय आमाती घराण्याच्या खात्यावर जमा होत होतं. लाकडाने साक्ष दिली म्हणून ते खातं दुरुस्त झालं. नाव मिळालं नाही, पण त्याचं काम त्याचं म्हणून वेगळं तरी झालं. आपल्या जुन्या देवळांचे खांब कोरणाऱ्या पाथरवटांची नावं तरी आपल्याला कुठे ठाऊक आहेत?

इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी यात एक सोपा पाठ आहे. गावोगावी आपण ऐकतो, ही विहीर अमक्याने बांधली, ही तलवार तमक्याची. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याने वाडवडिलांकडून तसंच ऐकलेलं असतं. ऐकीव गोष्टीला लगेच झिडकारू नये आणि लगेच मानही डोलवू नये. वस्तूलाच विचारावं. लाकूड, दगड, वीट, अक्षराचं वळण, यांना आपली भाषा असते. आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर नाराज होऊ नये. नाव गेलं तरी वस्तू उरते, आणि त्या वस्तूशी ज्यांनी आपलं आयुष्य जोडलं त्यांची हकिकतही उरते. मुलांना झाडाचा एखादा ओंडका दाखवून कडी मोजायला सांगा. मात्र एवढं सांगून ठेवा, की आपल्याकडच्या सगळ्याच झाडांना वर्षाचं कडं स्पष्ट येत नाही. सागाला ते चांगलं दिसतं.

त्या डबल बेसला आता ‘कार-कुसेवित्स्की’ म्हणतात. घडवणाऱ्या थोर घराण्याचं नाव जाऊन तिथे वाजवणाऱ्या दोघांची नावं आली. फी परवडत नव्हती म्हणून एका गरीब मुलाने कुणाला नको असलेलं वाद्य हाती घेतलं होतं. आज एक मोलाचं वाद्य त्याच्या नावाने ओळखलं जातं. पुढच्या खेपेला रेडिओवर वाद्यवृंद लागला, तर व्हायोलिन ऐकून झाल्यावर जरा खाली कान द्या. मागच्या रांगेतला तो माणूस तिथे वाजवीत असेल.